सिस्टरना विचारा : अंजिराची ढेप आणि इतर पत्रे

सलाम मंडळी.

सुरुवात माफीने करते. गेल्या अंकात जुलाबावरच्या घरगुती पाण्यात साखर आणि मिठाची अदलाबदल झाली. 'अर्धा चमचा साखर, सहा चमचे मीठ' असे छापून आले. छापखान्याकडे बोट दाखवणार नाही, कारण माझे अक्षर पाहिले तर जुळाऱ्याची दया येईल. मनमाडच्या एका आजोबांनी ते पाणी नातवाला पाजण्याआधी स्वतः घोट घेऊन पाहिले, थुंकले आणि मला पोस्टकार्ड टाकले : 'सिस्टर, हे औषध की लोणच्याचा खार?' आजोबा, तुमचे उपकार मोठे आहेत. बरोबर प्रमाण असे : एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. आधी आपण चाखायचे. अश्रूंपेक्षा खारट लागले तर सरळ ओतून द्यायचे आणि नवे करायचे. ओआरएसची पुडी मिळत असेल तर तीच आणा. जुना अंक घरात असेल तर आत्ताच पेन घेऊन दुरुस्ती करा, मी थांबते.

आता पत्रे.

प्रश्न : मी ३८ वर्षांची शिक्षिका आहे. गेल्या वर्षी मला सकाळी उठणे नकोसे झाले. फळ्यावर लिहिता लिहिता डोळे भरून यायचे, मुले पाहत बसायची. डॉक्टरांनी नैराश्य सांगितले आणि रोज एक गोळी दिली. तीन महिन्यांत झोप लागू लागली, वह्या तपासू लागले, घरात पुन्हा फोडणीचा वास येऊ लागला. आनंदाने हे मी प्रार्थनासभेत सांगितले. तर चर्चच्या मंडळीतले एक वडील, म्हणजे ज्येष्ठ पुढारी, म्हणाले, 'बाई, तुझा विश्वास प्रभूवर की गोळीवर? पुढच्या रविवारी गोळी सोडल्याची साक्ष दे.' चार दिवस झाले, गोळी बंद आहे. चक्कर येते, चित्रविचित्र स्वप्ने पडतात, डोक्यात वीज चमकल्यासारखे होते. हा सैतानाचा हल्ला समजून टिकून राहू का?
— एक भगिनी, श्रीरामपूर तालुका

उत्तर : ताई, आधी डॉक्टरांना फोन करा. 'चार दिवस गोळी घेतली नाही, असे असे होते आहे' एवढेच सांगा. गोळी परत कशी सुरू करायची ते तेच सांगतील. तो फोन झाल्यावर पुढचे वाचा.

झाला? बरे. ही चक्कर, ही स्वप्ने, ही डोक्यातली वीज सैतानाची नाही. या जातीच्या गोळ्या एकदम तोडल्या की अनेकांना असेच होते. म्हणून डॉक्टर त्या सोडवताना हळूहळू, आठवड्या-आठवड्याने कमी करत नेतात. आणि बरे वाटू लागले म्हणजे गोळीचे काम संपले असेही नाही. पुन्हा घसरू नये म्हणून ती पुढे काही महिने चालू ठेवतात. बीपीची गोळी घेणाऱ्याला कोणी साक्ष द्यायला उभे करत नाही. चष्मा काढून विश्वासाने वचन वाच, असे तुमच्या त्या वडिलांना कोणी म्हटले आहे का, विचारून बघा. ते स्वतः चष्मा लावत असतील, मी पैज लावते.

आता वचनाचे बोलू, कारण तुमचा खरा काटा तिथे रुतला आहे. हिज्कीया राजाची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. मरणाला टेकला, भिंतीकडे तोंड करून रडला, प्रार्थना केली आणि देवाने त्याला १५ वर्षे वाढवून दिली. उपदेशात गोष्ट इथे संपते. पवित्र शास्त्रात ती अजून एक ओळ चालते. यशया संदेष्ट्याने सांगितले, अंजिराची ढेप आणून त्याच्या गळवावर बांधा. राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या २०व्या अध्यायात आहे, यशयाच्या ३८व्यातही आहे. म्हणजे दोनदा आहे आणि दोन्हीकडे आपण ती ओळ ओलांडून जातो. मिरजेला वॉन्लेस हॉस्पिटलात मी नर्सिंग शिकत होते तेव्हा पहिल्यांदा ही ओळ माझ्या डोळ्यांत भरली, कारण त्याच आठवड्यात आम्हाला पोटीस बांधायला शिकवले होते. मला हसूच आले. देवाने शब्द दिला होता, वर्षे मोजून दिली होती, तरी पोटीस बांधायला माणूस लागलाच. हिज्कीयाने 'मला वचन मिळाले, आता अंजीर कशाला' असे म्हटल्याचे कुठे लिहिलेले नाही. गपचूप बांधून घेतले असणार.

माझेही एक सांगते. हे आजवर छापील अक्षरात सांगितले नव्हते. निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी मलाही हाच आजार झाला. ३५ वर्षे वॉर्डात काढलेली बाई, इतरांना धीर देणारी, आणि दुपारी दोनला पलंगावर पडून पंख्याची पाती मोजायची. गोळी सुरू झाली. लाज इतकी की स्ट्रिप मी बायबलच्या चेनवाल्या कव्हरात लपवायची, कारण आमच्या घरात माझ्या बायबलला दुसरे कोणी हात लावत नाही. एका शुक्रवारी महिला मंडळात वचन काढायला चेन उघडली आणि स्ट्रिप टप्पकन फरशीवर पडली. सगळ्या शांत बसलेल्या होत्या, त्यामुळे तो आवाज मला अजून ऐकू येतो. शेजारी बसलेल्या बाईने ती उचलली, उलटी करून नाव वाचले, माझ्या हातात ठेवली आणि कानाशी येऊन म्हणाली, 'सिस्टर, मला पण हीच आहे. तुम्ही सकाळी घेता का रात्री?'

दोघी एकाच बाकावर दर शुक्रवारी बसत होतो. पाच महिने.

म्हणून त्या वडिलांवर फार रागावू नका, पण त्यांचे ऐकूही नका. त्यांना डॉक्टरकीचे शिक्षण नाही आणि पौलाने लूकला 'प्रिय वैद्य' म्हटले आहे हे त्यांना आठवून द्या, कलस्सैकरांच्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात आहे. साक्ष द्यायचीच असेल तर अशी द्या : मी आजारी होते, मंडळीने प्रार्थना केली, डॉक्टरांनी औषध दिले, मी आज वह्या तपासते. यातले कुठले वाक्य कापावे असे त्यांना वाटते ते त्यांनीच सांगावे.

रात्री-अपरात्री मन फार खाली गेले, जगणे नको असे वाटले, तर एकटीने सकाळ होण्याची वाट पाहू नका. १४४१६ हा 'टेलि-मानस'चा सरकारी क्रमांक आहे. फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक मंडळीने उपासनेच्या वेळापत्रकाशेजारी फलकावर लिहावा. जागा नसेल तर मागच्या लिलावात कोंबडा कितीला गेला तो कागद आता काढायला हरकत नाही.

प्रश्न : मला १२ वर्षांपासून मधुमेह आहे. सकाळी जेवणाआधी गोळी आणि रात्री इन्सुलिन घेतो. दरवर्षी लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळात, मी दर शुक्रवारी निर्जळी उपास करतो. मुलगी म्हणते करू नका. नवस मोडला तर पाप लागेल का?
— एक बंधू, वय ६४, संगमनेर

उत्तर : दादा, मुलीचे ऐका. एवढ्यात उत्तर संपले असते, पण एक प्रसंग सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे होता. १२ ते ३ची उपासना, प्रभूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जणांचे संदेश, एप्रिलचे ऊन, पत्र्याखाली मंडळी खच्चून भरलेली. पाचवा उद्गार चालू होता, 'मला तहान लागली आहे.' आणि माझ्या पुढच्या रांगेतले एक गृहस्थ हळूहळू शेजाऱ्याच्या खांद्यावर कलंडू लागले. शर्ट पाठीला चिकटलेला, हात थरथरत होते, मान गळालेली. लोकांना वाटले संदेशाने माणूस हेलावला आहे. एका बाईने तर 'हालेलूया' म्हटले. मी पुढे जाऊन हात लावला तर अंग गार आणि घामाने चिंब. बारा तासांपासून पोटात पाण्याचा थेंब नव्हता, आणि गोळी मात्र सकाळी नेमाने घेतलेली! साखर मागितली तर चर्चमध्ये साखर कुठली? चहा उपासनेनंतर बाहेरून येणार होता. पाळकांच्या वस्त्रांच्या खोलीत आदल्या रात्रीच्या प्रभुभोजनाचा उरलेला द्राक्षरस होता. मी बाटली आणली. ते शुद्धीवर होते, गिळत होते, म्हणून घोट घोट पाजला. दहा-पंधरा मिनिटांत गडी उठून बसला आणि विचारतो, 'सहावा झाला का?'

दारात उभे असलेले मंडळीच्या कमिटीतले एक पंच माझ्याकडे असे बघत होते की मी वेदीच उचलून नेली. त्यांना मी म्हटले, दाविदाला भूक लागली तेव्हा त्याने मंदिरातल्या समर्पित भाकरी खाल्ल्या, आणि त्याबद्दल प्रभूने त्याची बाजूच घेतली. ते काही बोलले नाहीत, पण पुढल्या वर्षापासून वस्त्रांच्या खोलीत साखरेची बरणी असते. बरणीवर माझे नाव लिहिले आहे. कोणी लिहिले ते मला माहीत नाही.

तर दादा, मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन ही औषधे तुम्ही जेवला आहात की नाही हे बघत नाहीत. पोट रिकामे असले तरी ती साखर खाली ओढतातच. साखर ७०च्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड, जीभ जड होणे, उगीच चिडणे हे सुरू होते. अशा वेळी तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायची, वर आली नसेल तर पुन्हा तेवढीच, आणि मग पोटभर खायचे. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालायचे नाही, थेट दवाखाना. आणि उपास आहे म्हणून आपल्याच मनाने इन्सुलिन बंद करणे हा दुसरा खड्डा आहे. त्याने साखर वर जाते आणि तेही तितकेच घातक असते.

नवसाचे म्हणाल तर तुमच्या नवसात 'निर्जळी' हा शब्द प्रभूने घातला होता की तुम्ही? यशयाच्या ५८व्या अध्यायात देवाला कसला उपास आवडतो ते त्याने स्वतः सांगितले आहे. त्यात आपली भाकर भुकेल्याला वाटून देणे आहे. आपण घेरी येऊन पडणे त्यात नाही. शुक्रवारी तुमच्या ताटाइतकेच दुसरे ताट वाढा आणि गल्लीतल्या कोणाला तरी नेऊन द्या. तुम्हीही वेळेवर जेवा. टीव्ही सोडायचा असेल तर तोही सोडा, त्याने साखर उतरत नाही.

प्रश्न : माझे यजमान जाऊन आठ महिने झाले. ते चर्चमध्ये ४० वर्षे पेटी वाजवत. आता मला उपासनेला जाववत नाही. 'उपासना संगीत' हे गीतांचे पुस्तक उघडले की पानावर त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा दिसतात, कुठल्या पट्टीत सुरू करायचे त्याच्या. सकाळी अजून दोन कप चहा टाकते. मंडळीतल्या भगिनी म्हणतात, रडू नका, ते प्रभूजवळ आहेत. एकीने सांगितले, पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी गेली तरी त्या बायबलचे भाषांतर करत राहिल्या, तुम्ही एवढ्यात खचलात? माझा विश्वास कमी पडतो का?
— एक आजी, राहुरी

उत्तर : आक्का, तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्यांदा वाचताना माझाही चहा गार झाला. माझे यजमान जाऊन सहा वर्षे झाली. मला बाजारात अजून त्यांच्या आवडीची गवार दिसली की पिशवीत पडते. मला गवार आवडत नाही.

रमाबाईंचे उदाहरण देणाऱ्या भगिनीला माझा सलाम सांगा आणि पुढचा मजकूर वाचून दाखवा. रमाबाईंची मनोरमा १९२१च्या जुलैमध्ये गेली. रमाबाई स्वतः १९२२च्या ५ एप्रिलला गेल्या. मधे किती महिने झाले ते बोटांवर मोजा. त्या आठ-नऊ महिन्यांत भाषांतराचे काम चालले हे खरे, पण त्या आईच्या आत काय चालले होते ते आपण कुठल्या तोंडाने सांगणार? आणि दुसरे असे की केडगावला मुक्ती मिशन या त्यांच्या आश्रमात त्यांच्या भोवती शेकडो लेकी होत्या. जेवायला हाक मारणारी होती, रात्री उशाला बसणारी होती, छापखान्यात खिळे जुळवणारीसुद्धा होती. आठव्या महिन्यात तुमच्या भोवती कोण आहे? उदाहरण देणाऱ्या भगिनीने याचे उत्तर डब्यासकट घेऊन यावे.

हा डब्याचा मुद्दा जरा लांबवते. मंडळी पहिल्या पंधरा दिवसांत इतके डबे आणते की निम्मे वाया जातात. तिसऱ्या महिन्यात सगळे आपापल्या कामाला लागतात, आणि एकट्या माणसाची चूल खरी तिथेच विझते. एकटीसाठी कोण कालवण करतो? चहा-बिस्किटावर दिवस जातो. मग अशक्तपणा, मग चक्कर, मग पडणे, मग खुब्याचे हाड. मी वॉर्डात अशा किती आज्या पाहिल्या! केसपेपरवर 'पाय घसरून पडल्या' असे लिहिलेले असायचे. याइराच्या मुलीला प्रभूने उठवले तेव्हा तिचे आईबाप थक्क होऊन उभे राहिले, आणि त्याने त्यांना काय सांगितले? तिला काहीतरी खायला द्या. पोर जिवंत झाली या आनंदात आईबापांना सुचले नाही ते त्याला सुचले. म्हणून राहुरीच्या महिला मंडळाला माझी विनंती आहे. डबा दारात देऊन जाऊ नका. पिठले-भाकरी घेऊन या, दोन ताटे काढा आणि आक्कांबरोबर बसून जेवा. प्रार्थना जेवणाआधी छोटीशी करा, नाहीतर पिठले गार होते.

रडण्याचे म्हणाल तर यापोची टबीथा मेली तेव्हा विधवा माडीवर जमल्या, आणि पेत्राला त्यांनी काय दाखवले? तिने शिवलेले अंगरखे. रडत रडत एकेक कपडा पुढे करत होत्या. पेत्राने त्यांना 'विश्वास ठेवा, रडू नका' असे सुनावल्याचे प्रेषितांच्या कृत्यांत मला तरी सापडत नाही. तुमच्याकडेही दाखवण्यासारखे आहे. ते 'उपासना संगीत' घ्या आणि चर्चमध्ये आता जो मुलगा पेटी शिकतो आहे त्याला घरी बोलवा. पेन्सिलीच्या खुणा त्याला वाचून दाखवा, कुठले गीत कुठल्या पट्टीत, कुठे यजमान सुराला थांबायचे, कोणत्या कडव्याला मंडळी नेहमी पुढे पळायची. पुस्तक त्याला देऊ नका, पुस्तक तुमचेच राहू द्या. त्याने त्याच्या पुस्तकात उतरवून घ्यावे. घरची पेटी असेल तर तीही त्याला वाजवायला सांगा. भाता बंद पडून राहिला की चामडे आखडते आणि वाळवी-उंदरांना घर मिळते.

उपासनेला लगेच पूर्ण वेळ बसलेच पाहिजे असे नाही. मागच्या बाकावर बसा, पहिले गीत झाले की उठा. पुढच्या महिन्यात दुसऱ्या गीतापर्यंत. कोणी वळून पाहिले तर पाहू दे.

सिस्टर म्हणून एवढे विचारते : कपडे सैल झालेत का? रात्री तीन वाजता रोज जाग येते का? आंघोळ, औषध, दार लावणे यांचा कंटाळा येऊन ती राहून जातात का? तीनपैकी दोनला 'हो' असेल तर लेकाला किंवा सुनेला घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि दोन कप चहा टाकत राहा. दुसरा पिणारा कोणीतरी गाठू आपण.

प्रश्न : पाठदुखीसाठी डॉक्टरांनी काही आसने सांगितली. मंडळीतले एकजण म्हणतात योग केला तर पाप. काय करू?
— निवृत्त शिक्षक, जालना

उत्तर : गुरुजी, पाप-पुण्याचा प्रश्न पाळकसाहेबांचा, पाठीचा माझा. मनात शंका ठेवून जमिनीवर पडाल तर तसेही अंग सैल सुटणार नाही. तर असे करा, फिजिओथेरपिस्टकडे जा आणि पाठीचे व्यायाम शिकून घ्या. त्यातले निम्मे तुम्हाला त्या आसनांसारखेच दिसतील, पण तुमच्या बंधूंना ते इंग्रजी नावाने सांगा, त्यांना चालेल. रोज अर्धा तास चाला. आणि ती लोखंडी पलंगावरची मधे खोलगट झालेली गादी बदला. तुम्ही पत्रात तिचा उल्लेख केलेला नाही, पण शिक्षकांच्या घरात ती असतेच.

प्रश्न : मी पाळकीण, म्हणजे चर्चच्या पाळकसाहेबांची बायको आहे. नाव-गाव छापू नका. साहेबांकडे तीन गावांच्या मंडळ्या आहेत. रविवारी पहाटे पाचला मोटरसायकलवर निघतात, रात्री नऊला येतात. सोमवारी सुट्टी म्हणायची, पण सकाळपासून दारात कोणीतरी असतेच : दाखला हवा, भांडण मिटवायचे, लेकराला ताप आहे प्रार्थना करा. रात्री अकराला फोन. मी दिवसाला २०-२५ कप चहा करते. मुलगा परवा म्हणाला, 'पप्पांना भेटायला आपण पण दारातून येऊ का?' माझे बीपी १५०/९६ निघाले. तक्रार केली तर म्हणतील पाळकीणबाईंना सेवेची आवड नाही.
— एक पाळकीणबाई

उत्तर : बाई, तुमच्या मुलाचे वाक्य मी साहेबांच्या टेबलाच्या काचेखाली घालून ठेवले असते.

मोशे आणि इथ्रोची गोष्ट पाळकांच्या प्रत्येक शिबिरात सांगतात. सासऱ्याने जावयाला पाहिले, लोक सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच्यापुढे उभे. सासरा म्हणाला, तू करतोस हे बरे नाही, तू दमून जाशील आणि लोकही दमतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसे नेम. शिबिरात इथून लगेच 'कामाची वाटणी' हा धडा सुरू होतो आणि फळ्यावर चौकोन काढतात. पण निर्गमचा १८वा अध्याय पहिल्या ओळीपासून वाचा. इथ्रो एकटा आला नव्हता. मोशेने बायकोला माहेरी लावून दिले होते. सासरा सिप्पोरेला आणि दोन्ही नातवंडांना, गेर्षोम आणि अलियेजर यांना घेऊन रानात आला. आधी लेक आणि पोरे समोर उभी केली आणि दुसऱ्या दिवशी कामकाजाची गोष्ट काढली. अनुभवी माणूस होता तो.

तुम्हाला असा इथ्रो शोधायचा आहे. सासरे, वडील, मोठे दीर, जुने पाळकसाहेब, ज्यांच्यापुढे तुमचे यजमान मान खाली घालतात असे कोणीही. त्यांना घरी दोन दिवस राहायला बोलवा. काही सांगू नका. सोमवार त्यांना डोळ्यांनी पाहू द्या.

पंच कमिटीने करायच्या गोष्टी मी इथेच लिहिते, म्हणजे तुम्हाला बोलावे लागणार नाही. दाखल्यांसाठी एक दिवस आणि दोन तास ठरवून दारावर पाटी लावा. रात्री नऊनंतर साहेबांचा फोन आळीपाळीने एका पंचाकडे ठेवा. मरण, अपघात, बाळंतपण असेल तर तो पंच घरी येऊन उठवेल. तीनपैकी एका गावची उपासना महिन्यातून दोनदा तिथल्याच वडिलांनी चालवावी. चुकत-माकत करतील, करू दे. आणि चहाची साखर-पावडर मंडळीच्या खर्चात घाला. २५ कप चहा दिवसाला म्हणजे महिन्याला काय होते हे खजिनदाराने एकदा गुणाकार करून पाहावे. मी केला, म्हणूनच लिहिते आहे.

आता तुमचे बीपी. एका मोजणीवर घाबरायचे नाही आणि सोडूनही द्यायचे नाही. चहा प्यायल्यावर अर्धा तास जाऊ द्या (तुमच्या घरात असा अर्धा तास सापडला तर). पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीला लावून गप्प बसा. हात टेबलावर हृदयाच्या उंचीला ठेवा. कोणाशी बोलायचे नाही. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. आकडे असेच राहिले तर गोळी लागेल, आणि ती घ्यायची. वर श्रीरामपूरच्या ताईंना लिहिले आहे तेच तुम्हालाही. लोणचे-पापड कमी. पाहुण्यांबरोबर प्रत्येक वेळी अर्धा कप तुम्हीही घेता ना? पाळकिणी घेतात. ते अर्धे-अर्धे मिळून आठ-दहा कप होतात, रात्री झोप न लागण्याचे निम्मे कारण तेच.

तुमचे नाव-गाव छापलेले नाही. तरी तुमच्या तिन्ही गावांतल्या कोणाला हे पत्र कोणाचे ते ओळखू आले, तर त्यांनी मला कळवायची गरज नाही. येत्या सोमवारी दुपारी तुमची कडी वाजवायची नाही, एवढे करावे. साहेब मुलाबरोबर क्रिकेट खेळत असतील.